वाकलेली काच : जुन्या मोटारीची काच आणि भंगारबाजार



वालूरला व्याख्यानाला या, असा निरोप आला तेव्हा विषय बारवेचा असणार असं आम्ही गृहीत धरलं होतं. चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची तुमची बारव, गावकऱ्यांनी श्रमदान करून तिला दिलेला नवा जन्म, यावर बोलायला कुणालाही आवडेल. पण त्यावर बोलणारी माणसं आमच्यापेक्षा जाणकार आहेत. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि निवृत्तीनंतर एका जुन्या मोटारीच्या नादी लागलो. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या मोटारीच्या काचेबद्दल. संयोजक फोनवर क्षणभर गप्प झाले होते, हे खरं. पण हा विषय आमच्या हाती लागला तो याच वालूरच्या शिवारात. कसा, ते पुढे येईलच.

आमच्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. तिची पुढची काच आजवर तीनदा फुटली. पहिल्यांदा १९९१ मध्ये. तेव्हा औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, दुकानात गेलो आणि आठ दिवसांत कोरी काच मिळाली. त्यात सांगण्यासारखं काहीच नाही. दुसऱ्यांदा २००९ मध्ये. तेव्हा दुकानदार म्हणाला, "सर, आता ही काच येत नाही, कुर्ल्याला बघा." कुर्ल्याला भंगारात मिळाली. तिसऱ्यांदा फुटली ती २०२२ मध्ये, आणि तेव्हा कुर्ल्यातही मिळेना. परभणी, जालना, नांदेड, पुण्याचा जुना बाजार, सगळीकडे एकच उत्तर. एकाच काचेची ही तीन उत्तरं आहेत: दुकान, भंगार, नाही. या तीन शब्दांत आपल्याकडच्या मोटारीचा बराचसा इतिहास येतो असं आम्हांला वाटतं.

सुरुवात मागून करू. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या रेल्वेखात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. ऑल्बियन कंपनीच्या त्या गाड्यांची चित्रं पाहा. पुढची काच सपाट, चौकोनी. लाकडी किंवा लोखंडी चौकटीत बसवलेली, खिडकीला असते तशी. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आली, १९४७ पासून महिंद्रांनी त्या मुंबईत जोडायला सुरुवात केली. जीपचीही काच सपाट. अशी काच फुटली तर काय करायचं? तालुक्याच्या बाजारात जो माणूस देवांच्या तसबिरी मढवतो, त्याच्याकडे जायचं. तो माप घेतो, हिरकणीने रेघ मारतो, टक् करून तुकडा मोडतो आणि चौकटीत बसवून देतो. काच बाहेरून आलेली असेल, पण ती कापण्याची विद्या गावात होती.

आता यात धोका होता, तो लपवायचं कारण नाही. साधी काच फुटली की तिच्या सुऱ्या होतात. अपघातात माणसं धडकेने जखमी होत, तशीच काचेनेही. यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत दोन उपाय निघाले. पहिला फ्रान्समधल्या एदुआर बेनेदिक्तस या माणसाचा. त्याच्या प्रयोगशाळेत १९०३ मध्ये एक काचेचं भांडं खाली पडलं, तडकलं, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत, कारण आत वाळलेल्या रसायनाचा पापुद्रा होता. अशी ती गोष्ट सांगतात. १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतलं. दोन काचांच्या मध्ये पारदर्शक थर, म्हणजे आजची लॅमिनेटेड काच. दुसरा उपाय टफन्ड काचेचा. काच सहाशे अंशांच्या वर तापवायची आणि दोन्ही बाजूंनी गार हवेचा झोत सोडायचा. बाहेरचा पृष्ठभाग आधी घट्ट होतो, आतला भाग मागाहून आकसतो. परिणामी बाहेरून दाब आणि आतून ताण, असा कायमचा झगडा त्या काचेत कोंडून राहतो. म्हणून ती साध्या काचेच्या कितीतरी पट मजबूत. पण एकदा का तो तोल बिघडला की अख्खी काच क्षणात खडीसाखरेएवढ्या दाण्यांत विखरते. दाणे बोथट असतात, फार कापत नाहीत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टफन्ड काच कापता येत नाही. तिला हिरकणी लावली, भोक पाडायला गेलं, कडा घासायला गेलं, की तिचा चुरा. तिला जो आकार द्यायचा तो भट्टीत जाण्याआधी. त्यामुळे मोठ्या गाडीची काच आणून लहान गाडीला बेतावी, हा आपला नेहमीचा जुगाड इथे चालत नाही.

आणि त्यातच काच वाकली. १९५० च्या दशकात मोटारींचा घाट गोलसर झाला आणि पुढची काच एकसंध, वळणदार झाली. आपल्याकडे हे वळण आलं फियाट ११०० आणि अ‍ॅम्बॅसडर या गाड्यांबरोबर. दिसायला सुंदर, वाऱ्याला सोयीची, चालकाला दोन्ही बाजूंचं दिसणार. पण त्या दिवशी तसबिरीवाला या व्यवहारातून बाद झाला. सपाट काचेला लांबी आणि रुंदी एवढी दोन मापं पुरतात. वाकलेल्या काचेला साचा लागतो, आणि साचा कारखान्याकडे. आमचं म्हणणं एवढंच आहे की, गाडीची दुरुस्ती गावाच्या हातातून गेली ती इंजिनामुळे नाही, काचेमुळे. इंजिन अवघड खरं, पण आमच्या सेलूच्या मिस्त्रींनी आजवर पिस्टन बसवले, बेअरिंग ओतले, क्लचप्लेटला नवं अस्तर लावलं. पत्रा कुजला तर ठिगळ मारलं. काचेला ठिगळ नाही.

काच करण्याची विद्या महाराष्ट्रात नव्हती असं मात्र कुणी समजू नये. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसाफंडाचा काचकारखाना तळेगावला १९०८ मध्ये सुरू झाला, लोकमान्यांचा त्याला पाठिंबा होता. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर आमच्या पिढीने वापरलेला आहे, त्याच्याच उजेडात आम्ही अभ्यास केला. पण ती विद्या कंदिलाची, चिमणीची, बाटलीची. फुंकून करायच्या काचेची. गाडीच्या वळणदार काचेचा रस्ता वेगळ्या कारखान्यांतून गेला.

आता कुर्ल्याकडे वळू. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिचा कारखाना कुर्ल्याला. आधी अमेरिकन गाड्यांची जोडणी, मग इटलीच्या फियाटशी करार. १९५४ पासून फियाट ११००, पुढे तिची रूपं बदलत गेली, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर तिचं नाव पद्मिनी झालं. परवाने आणि कोटे यांचा तो काळ. नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं. गाडीच्या किमतीसुद्धा सरकार ठरवत असे, तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. नवी गाडी इतकी दुर्मीळ, की जुनी मोडीत काढणं हा वेडेपणा ठरला असता. म्हणून आपल्याकडे भंगारबाजार वाढला तो श्रीमंत देशांच्या उलट कारणाने. तिकडे गाड्या फार झाल्या म्हणून, आपल्याकडे गाड्या कमी होत्या म्हणून. तिकडे ती टाकण्याची जागा होती, आपल्याकडे शोधण्याची.

आणि गंमत पाहा, तो बाजारही कुर्ल्यालाच. सीएसटी रोडच्या दोन्ही बाजूंना जुन्या सुट्या भागांची दुकानं. ज्या कुर्ल्यात पद्मिनी जन्मली, त्याच कुर्ल्यात ती कापली गेली. २००९ मध्ये आम्ही तिथे गेलो तेव्हा एका गल्लीत दारं वेगळी, बॉनेट वेगळी, स्टिअरिंगची चाकं तारेत ओवलेली, आणि मागे भिंतीला लागून काचा, पुस्तकांसारख्या उभ्या. प्रत्येक दोन काचांमध्ये गोणपाट. त्या दुकानदाराला, लिहिता-वाचता येत नव्हतं असं तो स्वतःच म्हणाला, पण त्याने काचेच्या कोपऱ्यावरचा ठसा अंगठ्याने चाचपून आम्हांला सांगितलं की ही कारखान्यात बसवलेली मूळची, आणि ही नंतर बदललेली. आम्हांला पुराभिलेखवाले आठवले. शिलालेखावर हात फिरवून अक्षर ओळखतात ना, तसं. काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाचं चिन्ह असतं, सुरक्षा-काचेसाठीचा भारतीय मानकाचा क्रमांक २५५३ असतो, काच टफन्ड की लॅमिनेटेड ते असतं, आणि पुष्कळदा तयार झाल्याचं साल-महिना सांगणारे ठिपके किंवा आकडे असतात. जुन्या गाडीत प्रत्येक काचेवरचं हे लिखाण वाचा. तिचा कुठे अपघात झाला, कुठली बाजू ठोकली गेली, सगळं कळतं. आरसी बुकात यातलं काहीच नसतं.

त्या दुकानात एवढ्या काचा आल्या कुठून? मुंबईच्या टॅक्सींमधून. काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे बहुतांशी पद्मिनी. २००८ मध्ये पंचवीस वर्षांवरच्या टॅक्सी रस्त्यावरून काढायचं ठरलं, २०१३ मध्ये ती मर्यादा वीस वर्षांवर आणली. हजारो गाड्या कटिंगला गेल्या. म्हणजे असं की, मुंबईतल्या एका टॅक्सीवाल्याची गाडी जेव्हा कापली गेली, तेव्हा सेलूतल्या एका प्राध्यापकाची गाडी जगली. आम्ही त्या दिवशी काच स्वस्तात मिळाली म्हणून खूश होतो. ती स्वस्त का आहे हा विचार डोक्यात आला तो परतीच्या रेल्वेत, मनमाड सोडल्यावर. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, पण विचार उशिराच सुचतात.

पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षं ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला भरली. तो ओघ आता आटला.

यात भंगारवाल्याचा एक हिशेब आहे तो समजून घेतला पाहिजे. लोखंड किलोवर विकलं जातं. तांबं, अ‍ॅल्युमिनियम त्याहून महाग. काच वजनावर कुणी घेत नाही. तिला किंमत आहे ती अखंड असली तरच, आणि ती हवी असलेला माणूस समोर आला तरच. तो माणूस वर्षाने येईल, दहा वर्षांनी येईल, येणारही नाही. तोवर जागा अडते. म्हणून गाडी आली की पुष्कळ ठिकाणी पहिला हातोडा काचेवरच पडतो. जी वस्तू परत करता येत नाही तीच आधी फोडली जाते, आणि यात फोडणाऱ्याचा दोष काढता येत नाही, कारण भाडं त्याला भरायचं असतं.

भंगारबाजाराचं आम्ही उगाच गुणगान करतो आहोत असं वाटायला नको. मेरठच्या सोतीगंजचं नाव ऐकलं असेल. चोरीच्या गाड्या तिथे कापल्या जात, म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बाजार बंद केला. तेव्हा सुटा भाग घेताना पावती मागा, गाडीची नोंद रद्द झाल्याचा कागद विचारा. आम्ही २००९ मध्ये विचारला नव्हता. आज विचारला असता.

त्याच २०२१ साली केंद्र सरकारने वाहन मोडीत काढण्याचं धोरण आणलं. नोंदणीकृत केंद्रं, गाड्यांची तपासणी, वगैरे. धूर कमी व्हावा, चोरीला आळा बसावा, हे हेतू योग्यच आहेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. त्याच वर्षी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देण्याची सोय झाली, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. आता गणित करा. पंधरा वर्षांनंतर गाडी संशयित. पन्नास वर्षांनंतर वारसा. मधली पस्तीस वर्षं ती काय आहे? आमची १९८४ ची पद्मिनी २०३४ मध्ये वारसा होईल. तोपर्यंत तिने अखंड काचेनिशी जगायचं आहे, आणि ज्या गाड्यांमधून ती काच मिळाली असती त्या वितळवायला निघाल्या आहेत. एका हाताने जपा म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने जपण्याचं साहित्य भट्टीत टाकायचं, असा हा प्रकार होतो. मोडीत निघणाऱ्या गाडीच्या अखंड काचा उतरवून ठेवा, एवढी एक ओळ जरी त्या व्यवस्थेत सक्तीची झाली तरी पुष्कळ झालं.

तर २०२२. जिंतूरच्या रस्त्यावर पुढे खडीचा टिप्पर होता. एक खडा उडाला. आवाज फार झाला नाही, पण समोरचं सगळं जग पांढरं झालं. टफन्ड काच अशी फुटते. दाणे जागच्या जागी राहतात, जाळी होते आणि पलीकडचं काही दिसत नाही. आम्ही मुठीने भोक पाडलं आणि त्यातून बघत गाडी कडेला घेतली. म्हणूनच १९९३ च्या दुरुस्तीने तीन वर्षांची मुदत देऊन पुढे बनणाऱ्या गाड्यांना पुढची काच लॅमिनेटेडच हवी असा नियम झाला. लॅमिनेटेड काचेला तडा जातो, पण समोरचं दिसत राहतं. हे कबूल करायला हवं की, आम्ही ज्या काचेसाठी चार जिल्हे पालथे घातले ती आजच्या काचेहून कमी सुरक्षित आहे. जुन्या वस्तूचं प्रेम हे नेहमीच शहाणपणाचं असतं असं नाही.

पाच महिने गाडी ताडपत्रीखाली होती. मग मिस्त्रींनी बातमी आणली: वालूरच्या शिवारात एका आखाड्यावर लिंबाखाली एक पद्मिनी उभी आहे, काच शाबूत आहे. गेलो. चाकं नव्हती, विटांवर ठेवलेली. मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातलेली. काच धुळीने माखलेली, पण एक ओरखडा नाही. त्या घरच्या बाई आमच्याच वयाच्या. गाडी मालकांची, म्हणजे त्यांच्या यजमानांची. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलं पुण्याला. भंगारवाले दोनदा येऊन गेले होते, बाईंनी परत पाठवले.

आम्ही म्हणालो, "बाई, आम्हांला गाडी नको, फक्त पुढची काच हवी."

त्या म्हणाल्या, "काच नेल्यावर पाऊस आत यील की. मग काय राहतंय तिच्यात?"

याला उत्तर नव्हतं. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो: रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? दांडी? जू? कशालाच रथ म्हणता येत नाही, आणि या सगळ्यांवाचूनही रथ नाही. त्या सगळ्यांच्या मेळाला आपण व्यवहारात रथ म्हणतो. आम्ही हे तीस वर्षं वर्गात शिकवलं. फळ्यावर रथ काढून. पण नागसेनाच्या गोष्टीत रथाचा मालक एकच आहे. एका रथाचा भाग दुसऱ्या रथाला लावायचा, आणि पहिल्या रथावर कुणाचा तरी जीव आहे, तेव्हा काय, हे त्या पाठात नव्हतं. बाईंचा प्रश्न आम्हांला कुठल्याही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

आम्ही परत आलो. सांगून आलो की, राहू द्या. पंधरा दिवसांनी त्यांनीच मिस्त्रींकडे निरोप धाडला: सरांना म्हणावं काच न्या, पैसे नकोत, पण काचेच्या जागी काहीतरी बसवून द्या, आणि कुणी कापायला मागितली तर देऊ नका म्हणून माझ्या पोरांना तुम्हीच समजावून सांगा.

काच काढायची रीत सांगतो, कारण ती आता फार थोड्यांना येते. या गाड्यांत काच रबरी बीडिंगमध्ये बसलेली असते, डिंकाने चिकटवलेली नसते. आधी बीडिंगच्या खाचेतली चमकती पट्टी हळूच सोडवायची. रबर वाळून दगड झालेलं असतं, ते वाचवण्याच्या नादी लागू नये, कापून टाकावं. मग आतून, कोपऱ्याजवळ, दोन्ही तळव्यांनी सावकाश दाब द्यायचा आणि बाहेर दोघांनी काच झेलायची. घाई केली की खडीसाखर. बसवताना नवं रबर काचेला आधी चढवायचं, रबराच्या आतल्या खाचेत सुतळी भरायची, साबणाचं पाणी लावायचं, काच बाहेरून चौकटीला टेकवायची आणि आतून सुतळी ओढत जायची. सुतळी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढतो. दोन माणसं, एक तास, आणि एकमेकांवर न ओरडण्याची शपथ. मिस्त्री आतून सुतळी ओढत होते, आम्ही बाहेरून काच दाबत होतो, आणि शपथ आमच्याकडून मोडली.

बाईंच्या गाडीला आम्ही जाड पारदर्शक पत्रा बसवून दिला, प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिक हवं तसं कापता येतं आणि वाकतंही. ती गाडी चालणार नाही, पण पाऊस आत जात नाही. कोंबडीची सोयही कायम आहे. मुलांशी फोनवर बोललो. धाकटा ऐकण्यातला वाटला.

यापुढचा मार्ग आम्हांला एकच दिसतो. अशी काच नव्याने लॅमिनेटेड करून घेता येते. साच्यावर काच ठेवून भट्टीत तापवली की ती स्वतःच्या वजनाने वाकून साच्यावर बसते. पण एका काचेसाठी साचा कुणी करत नाही, आणि केला तर परवडत नाही. एकाच गाडीचे दहा-पंधरा मालक एकत्र आले तर गोष्ट वेगळी. आणि साच्यासाठी एक तरी मूळ काच अखंड हवी. तेव्हा कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात, गॅरेजच्या मागे अशी काच पडून असेल, तर कोपऱ्यातला ठसा उतरवून ठेवा, काच आडवी ठेवू नका, उभी ठेवा, खाली लाकडाची पट्टी आणि दोन काचांमध्ये गोणपाट. आडव्या काचेवर कुणीतरी काहीतरी ठेवतंच, आमच्या घरी लोणच्याची बरणी ठेवली होती.

गाडी बाहेर बारवेच्या वाटेवर उभी आहे. नव्या काचेच्या आतल्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात हळदीकुंकवाचा एक पुसट स्वस्तिक आहे, तो आमचा नाही, त्या गाडीच्या पहिल्या पूजेचा आहे. मिस्त्री पुसायला निघाले होते, आम्ही थांबवलं. ज्यांना पाहायचं त्यांनी जरूर पाहावं. फक्त काचेला टेकू नका.